याओ सेनापतीच्या दोन हजार बंदुका

पाइशी, ३ ऑक्टोबर १९२३

आज याओचा माणूस फ्रेंच वकिलातीत आला आणि मी त्याला चहा दिला.

सहा वर्षं मनात घोकत आलो होतो, याओचा माणूस समोर सापडला तर काय करायचं. सुरीने, विषाने, दगडाने, मनातल्या मनात सगळं करून झालं होतं. प्रत्यक्षात त्याच्या पेल्यावर झाकण ठेवलं आणि म्हणालो, "कर्नल, गरम आहे, सांभाळून."

कर्नल वेई त्याचं नाव. पन्नाशीचा, थोडा वाकलेला, सर्दीने नाक लाल. त्याच्या सेनापतीला दोन हजार बंदुका, चार डोंगरी तोफा आणि काडतुसं हवीत. बदल्यात फ्रेंचांना कथिलाच्या खाणी आणि रेल्वेच्या नव्या फाट्यासाठी जमीन. बाहेरच्या सगळ्या राज्यांनी मिळून चार वर्षांपूर्वी कागद केलाय की चीनमध्ये कुणी कुणाला हत्यारं विकायची नाहीत. म्हणून आमच्या कागदांवर बंदुकांना 'शिवणयंत्रं' म्हणायचं ठरलं आणि तोफांना 'पंप'.

वकिलातीच्या प्रमुखांनी, रेनिए साहेबांनी, विचारलं, "सेनापतींना दोन हजार शिवणयंत्रं कशाला, असं कुणी विचारलं तर?"

मी ते वेईला सांगितलं. तो नाक पुसत म्हणाला, "सांगा की आमच्या शिपायांचे कपडे बसल्या जागी फाटतात."

साहेबांच्या मिशीचं टोक हललं. मग मी फ्रेंचमध्ये सांगितलं, मग ते मोठ्याने हसले. दाढदुखीने बेजार आहेत, चेहरा सारखा हलतो. उत्तरेत अकरा वर्षं काढून आले म्हणतात, पण आमच्या भाषेतला एक शब्द शिकले नाहीत. सगळं दुभाष्याच्या तोंडून.

आणि दुभाषी आता मी. म्हाताऱ्या ल्याओंना साहेबांनी गेल्याच आठवड्यात अचानक सहा महिन्यांची रजा दिली. मला बोलावून म्हणाले, "तू शाच्याओचा ना? तुझ्या घरचे कुणी तिथे वारले म्हणे." मी हो म्हटलं. "वाईट झालं," म्हणाले, आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्यापुढे सरकवला. ल्याओ तीस वर्षं या खुर्चीत बसत होते. मला ती इतकी सहज मिळाली.

५ ऑक्टोबर

वहिनीला सांगितलं नाही. तिला याओचं नाव घरात नको असतं.

इथे मात्र एकदा नीट लिहून ठेवतो. माझे थोरले भाऊ फान वेन-ताओ शाच्याओच्या शाळेत मास्तर होते. गावाची घरवार नोंद त्यांच्याकडे असायची. याओचं सैन्य आलं, प्रत्येक घरातला एक पुरुष ओझी वाहायला हवा म्हणून नोंदवही मागितली. दादांनी ती शाळेच्या चुलीत घातली. त्यांना तिथेच दारात गोळी घातली आणि तीन दिवस उचलू दिलं नाही. याओ स्वतः तिथे होता. वहिनीने त्याला पाहिलं. मी नव्हतो. मी इथे वकिलातीत, आधीच्या साहेबांच्या मुलांना गणित शिकवत होतो.

९ ऑक्टोबर

दुसरी बैठक. आज कळलं, माझ्या हातात काय आहे ते.

याओच्या पदरी फ्रेंच जाणणारा एकच माणूस होता, तो सप्टेंबरातच उत्तरेकडच्या खंग सेनापतीला जाऊन मिळाला. खंग म्हणजे याओचा जुना हाताखालचा, आता उघड वैरी. त्यामुळे त्या खोलीत दोन्ही भाषा जाणणारा मी एकटा.

वेई म्हणाला, "आमच्या सेनापतींचा आपणांस नमस्कार. आपण वडीलधारे, आपल्या सोयीने उत्तर द्यावं, फक्त थंडीच्या आत मिळालं तर उपकार होतील."

मी फ्रेंचमध्ये सांगितलं, "सेनापतींचा निरोप आहे. थंडीच्या आत उत्तर हवं."

एकही शब्द खोटा नाही. नुसता नमस्कार काढून घेतला.

साहेब शांतपणे म्हणाले, "सेनापतींना सांग, मी त्यांच्या अडचणी समजतो. सरहद्दीपलीकडच्या आमच्या वसाहतीच्या गव्हर्नरांकडून उत्तर यायला तीन आठवडे लागतील, त्याबद्दल माफी असावी."

मी वेईला सांगितलं, "साहेब म्हणतात, तीन आठवडे लागतील. थांबा."

वेईने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग रुमालात शिंकला आणि म्हणाला, "थांबतो. आपल्याला काय, थांबायचाच पगार मिळतो."

घरी येताना मी बाजारातून विनाकारण भाजलेले चेस्टनट घेतले. वहिनीने विचारलं, "आज काय सण?" इतका हलका मी सहा वर्षांत कधी चाललो नव्हतो.

१७ ऑक्टोबर

करारातलं एक कलम आज भाषांतरित केलं. बोलणी ज्याने मोडली त्याने आधी दिलेलं त्याला परत मिळणार नाही. याओने विश्वास दाखवायला पहिलं कथिल आधीच गाडीने खाली बंदराकडे धाडलंय, अठरा डबे भरून. वेईने कलम वाचलं आणि म्हणाला, "मोडायचं कुणाला आहे?" सही केली. रुक्ष कलम आहे, मला त्यात काही करता आलं नाही.

पत्रांत मात्र करता येतं. मानाच्या माणसाचं नाव आलं की ओळ तिथेच तोडायची, नव्या ओळीवर एक अक्षर वर चढवून लिहायचं, हे पाठशाळेतल्या पोरालाही कळतं. साहेबांच्या आजच्या पत्रात मी याओचं नाव ओळीच्या मधोमध घातलं, डाळ आणि मीठ यांच्यामध्ये तेल लिहावं तसं. किताब एक पायरी खाली आणला. शेवटी 'आपला नम्र' होतं, तिथे 'कळावे' लिहिलं. साहेबांनी खाली सही केली. सही करण्याआधी चिनी मजकुरावरून बोट फिरवत होते, शाई वाळली का ते पाहायला.

३० ऑक्टोबर

तीन पत्रं गेली. प्रत्येक आधीच्यापेक्षा वाईट. याओकडून उत्तरं येतात ती अगदी गोड. काही समजत नाही. हाच माणूस का, ज्याने एका सुभेदाराला जांभई दिली म्हणून चाबकाने फोडलं होतं?

कर्नल वेई हल्ली बैठकीनंतर माझ्यापाशी थांबतो. आज आपल्या मुलीचं सांगत होता. नऊ वर्षांची आहे, रिवाजाप्रमाणे तिचे पाय आवळून बांधले नाहीत म्हणून त्याची आई तोंड फिरवून बसते. "मी म्हटलं, आई, हिला पळता आलं पाहिजे. आमच्या सेनापतींच्या राज्यात पळता येणं महत्त्वाचं," असं म्हणून स्वतःच हसला. मग हळूच म्हणाला, "फान महाशय, तुमचे साहेब फार तुटक बोलतात हो. की मलाच तसं वाटतं?"

मी म्हटलं, "फ्रेंच भाषाच तुटक आहे."

"असेल," तो म्हणाला. "तुम्ही थोडं तेल लावत जा. मी माझ्या बाजूने लावतोच."

तेव्हा लक्षात आलं नाही. आता लिहिताना त्या वाक्यापाशी अडखळतोय. कसलं तेल लावतो हा?

८ नोव्हेंबर

याओ स्वतः येणार. सोळा तारखेला वकिलातीत जेवण. गव्हर्नरांची मंजुरी आली, बंदुका सरहद्दीवरच्या स्टेशनात येऊन पडल्या आहेत, पेट्यांवर शिवणयंत्राचं चित्र. जेवण झालं की सही, सही झाली की डबे इकडे.

म्हणजे माझ्याकडे एक जेवण उरलंय.

वहिनीने आज विचारलं, "भाऊजी, तुम्ही झोपेत बोलता हल्ली. दोन आवाजांत."

"काय बोलतो?"

"एका आवाजात मागता. दुसऱ्यात नाही म्हणता."

मी सांगून टाकलं. सगळं. ती तांदूळ निवडत होती, हात थांबले नाहीत. संपल्यावर म्हणाली, "आणि बंदुका नाही मिळाल्या तर तो मरेल?"

"खंग त्याला हिवाळ्यात संपवील."

"बरं," एवढंच म्हणाली. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा माझ्या पायाला हात लावील. ती सूप झटकायला बाहेर गेली.

१७ नोव्हेंबर

झालं. काल झालं. क्रमाने लिहितो.

याओ बुटका आहे. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. सहा वर्षं मी एका धिप्पाड माणसाचा द्वेष केला आणि दारातून आला तो गुडघ्याने लंगडणारा, साहेबांच्या खांद्याएवढा. साहेबांसाठी स्वतःच्या गावचं सुकवलेलं डुकराचं मांस आणलं होतं, लाल कागदात, स्वतःच्या हातात धरून. शेजारी वेई, नवा गणवेश, नाक तसंच लाल. साहेबांच्या बाजूला चिटणीस पास्काल.

पहिला पेला याओने उचलला. म्हणाला, "मी शिकलेला माणूस नाही. साहेब माझ्या वडिलांच्या जागी. माझं काही चुकलं तर त्यांनी माझा कान धरावा."

मी फ्रेंचमध्ये म्हणालो, "मी शिकलेला माणूस नाही. साहेब वयाने वडिलांएवढे झालेत. त्यांचं काही चुकलं तर मी त्यांचा कान धरीन."

पास्काल लालबुंद झाला. साहेबांनी पेला ओठाला लावला, पुरता प्यायले, आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "सेनापतींना सांग, माझं सरकार त्यांना या प्रांताचा आधारस्तंभ मानतं. त्यांच्याशिवाय हे दार उघडलंच नसतं."

मी म्हणालो, "साहेब म्हणतात, त्यांचं सरकार आपल्याला या प्रांताचा दारवान मानतं. दार उघडण्यापुरते आपण लागता."



"दारवान?" याओने विचारलं.

"दारवान," मी म्हणालो.

वेई घाईघाईने उठला. "सेनापती, भाषांतरात काहीतरी..."

याओने त्याला हाताने बसवलं आणि थेट साहेबांकडे पाहिलं. दाराकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीकडे, आणि भुवया उंचावल्या. साहेबांनी हसून मान डोलावली. काय विचारलं ते न कळता, पाहुण्याचं मन राखायला म्हणून डोलावली असणार. माझं नशीब इतकं कधी फळलं नव्हतं.

याओने पेला उपडा ठेवला. "कागद फाडा," म्हणाला, आणि लंगडत निघून गेला. वेईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादा माणूस गर्दीत आपली वस्तू शोधतो, तसं.

सुकवलेलं मांस टेबलावरच राहिलं. साहेबांनी सुरी मागवली आणि एक पातळ तुकडा कापून खाल्ला.

२० नोव्हेंबर

कर्नल वेईला काल गोळी घातली.

वहिनी बाजारातून ऐकून आली. पत्रं इतकी गोड आणि जेवणात 'दारवान', हे जुळेना म्हणून याओने त्याच्या घराची झडती घेतली. पेटीत आमची सगळी मूळ पत्रं सापडली. वेईने ती सेनापतीपर्यंत कधी जाऊच दिली नव्हती. प्रत्येक पत्र स्वतः पुन्हा लिहून काढायचा, नाव नव्या ओळीवर, वर चढवून, किताब पुरा, शेवटी 'आपला नम्र'. मग आमचा शिक्का काढून त्याच्यावर बसवायचा. याओ म्हणाला म्हणे, "हे परके महिनाभर माझ्या तोंडावर थुंकले आणि हा पुसत बसला."

हेच ते तेल.

मला वेईचं काही वाईट करायचं नव्हतं. हे मी लिहून ठेवतो. त्याने याओची चाकरी का केली? सोडून जाता आलं असतं. त्या दिवशी शाच्याओत तोही असेल, कुणास ठाऊक. मी विचारलं नाही कधी.

वहिनी दुपारी तांदळाची पिशवी घेऊन बाहेर पडली. परत आल्यावर मी विचारलं, "कुठे होतीस?"

"वेईच्या घरी."

"का?"

"तिथे आणखी एक मी बसलीय, भाऊजी. म्हटलं, पाहून यावं."

२ डिसेंबर

खंगने पाइशीकडे येणारे तिन्ही घाट घेतले. त्याच्या माणसांकडे नव्या बंदुका आहेत. पाहून आलेला एक खेचरवाला सांगत होता, पेट्या फोडल्या तेव्हा फळ्यांवर शिवणयंत्राचं चित्र होतं, शिपायांनी त्याच फळ्या शेकोटीला घातल्या.

मी साहेबांना विचारलं, आपला माल खंगकडे कसा गेला. ते म्हणाले, "याओने करार मोडला. माल तर पडून होता." आणि याओचं कथिल? "कलम तूच भाषांतरित केलंस ना?"

साहेब नशीबवान आहेत. माझ्या सुडाने त्यांचंही साधलं. साधू दे. मला माझं मिळतंय.

१९ डिसेंबर

पहाटेपासून उत्तरेच्या वेशीवर गोळ्या. नऊच्या सुमारास आमच्या फाटकावर ठोठावणं सुरू झालं. याओ. एकटा, टोपी नाही, गुडघ्याला फडकं. पराभूत माणसाला परक्यांच्या झेंड्याखाली घ्यायचं ही रीत आहे, आजवर कुणी मोडलेली नाही. साहेब पायऱ्यांवर येऊन उभे राहिले. मी त्यांच्या शेजारी, नेहमीच्या जागी.

याओ गजांतून म्हणाला, "साहेबांना सांग, याओ हात जोडतो. मला गाडीत बसवून खाली धाडा. परत या प्रांतात पाऊल ठेवणार नाही. त्या दिवशीचं मी विसरलो. त्यांनीही विसरावं."

मी तोंड उघडलं. काय सांगणार होतो ते मला अजून ठाऊक नाही. खरंच ठाऊक नाही.

साहेबांनी माझ्या छातीपुढे हात आडवा धरला आणि स्वतः बोलले. आमच्या भाषेत. उत्तरेकडचे उच्चार, स्वच्छ, एखाद्या जुन्या अंमलदारासारखे.

"सेनापती, बोलणी आपण मोडलीत. मला आपल्याला आत घेता येत नाही. क्षमस्व."

सगळं एकदम समोर आलं. मिशीचं हललेलं टोक, मजकुरावरून फिरलेलं बोट, जेवणाच्या रात्रीची ती डोलावलेली मान. म्हाताऱ्या ल्याओंची रजा. 'तू शाच्याओचा ना?' मी सूड घेत होतो आणि हा माणूस शेजारी बसून माझा एकेक शब्द चाखत होता.

याओने आधी साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो मूर्ख नव्हता. "ह्यांना बोलता येतं," तो हळूच म्हणाला. "मग दारवान कोण म्हणालं होतं?"

"मी," मी म्हणालो.

"कुणाचा तू?"

हे उत्तर मी सहा वर्षं तयार ठेवलं होतं. मोठ्याने म्हणायचं होतं. पुटपुटल्यासारखं निघालं. "शाच्याओचा. फान मास्तरांचा धाकटा भाऊ."

"नोंदवही जाळली तो?"

"तोच."

"आठवतो," याओ म्हणाला. "माझी माणसं दहा पावलांवर, आणि हा चूल ढवळत उभा. कागद पुरता जळेस्तोवर हलला नाही. मग हात झटकले आणि स्वतःच दारात येऊन उभा राहिला." गजांना धरून त्याने गुडघा जरा सरळ केला. "मास्तरने जाळलं आणि मास्तरच पुढे उभा राहिला. तू जाळलंस आणि वेईला उभं केलंस."

खंगचे शिपाई कोपऱ्यावर आले होते. त्याने मागे वळून पाहिलंही नाही. त्यांनी त्याला मिठाच्या वखारीमागे नेलं. दोन आवाज झाले, मग थोड्या वेळाने आणखी एक.

दुपारपर्यंत मला फार बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? मी दोन वाट्या शेवया खाल्ल्या. दुपारनंतर सगळं उलटून पडलं.

२१ डिसेंबर

साहेबांना विचारलं, "आपल्याला केव्हापासून ठाऊक होतं?"

"पहिल्या नमस्कारापासून. तू तो काढून घेतलास तेव्हाच." ते पत्रं लावत होते. "मला बोलणी मोडून हवी होती, फान. वसाहतीला खंग सोयीचा. पण मोडायला हवी होती ती याओने. मी आदल्या महिन्यात तुमच्या सगळ्यांचे कागद वाचले आणि त्या खुर्चीसाठी माणूस निवडला. तू अपेक्षेपेक्षा चांगला निघालास." पगार वाढवल्याचं सांगितलं. मग म्हणाले, "त्या वेईचं मला वाईट वाटलं. हुशार होता."

घरी येऊन वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुमचा सूडसुद्धा चाकरीतच गेला."

मला तिचा इतका राग आला की ताट सरकवून उठलो. मग आठवलं, ती बरोबर बोलत होती.

११ जानेवारी १९२४

आज लिहितो तेव्हा गाठोडी बांधून झाली आहेत.

सकाळी खंगचा माणूस आला, मेजर था. वेईच्याच खुर्चीत बसला. दांडगा, मोठ्याने बोलणारा, चहा फुरकत पिणारा. खंगला आणखी बंदुका हव्यात आणि बदल्यात उरलेल्या खाणी द्यायच्यात. त्याला साहेबांची भाषा येत नाही, आणि साहेबांना त्याची येते हे त्याला ठाऊक नाही. साहेबांनी मला आत बोलावून आधीच सांगितलं होतं, "या वेळी सरळ भाषांतर कर. तुझं याच्याशी वैर नाही."

"नाही साहेब," मी म्हणालो.

अर्धा तास सरळ केलं. नमस्काराला नमस्कार, किताबाला किताब. साहेब खूश होते. मग नेहमीप्रमाणे पास्कालकडे वळून, जणू मी तिथे नाहीच अशा आवाजात, फ्रेंचमध्ये म्हणाले, "या अस्वलाला निम्म्याच बंदुका दे, जुन्यांतल्या. उरलेल्या याओच्या पुतण्याला पश्चिमेकडून जातील. दोघं पाच वर्षं एकमेकांना फाडत बसतील, तोवर खाणी आपल्या."

हे असलं बोलणं भाषांतरासाठी नसतं. हे दुभाष्याच्या कानाआड जायचं असतं. या वकिलातीतल्या दहा वर्षांत मी असलं किती ऐकलं असेल, एकदाही तोंड उघडलं नाही.

मी मेजर थाकडे वळलो. "साहेब म्हणतात," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं. अस्वलासकट. जुन्या बंदुका, पुतण्या, पश्चिमेची वाट, पाच वर्षं. एक शब्द वाकवला नाही, एक गाळला नाही. इतकं नेमकं भाषांतर मी आयुष्यात केलं नसेल.

साहेबांना माझा प्रत्येक शब्द कळत होता. मी पहिल्या वाक्यावर होतो तेव्हाच त्यांचे कान लाल झाले. पण थांबवणार कसे? थांबवलं असतं तर भाषा येते हे उघड झालं असतं, आणि माझं भाषांतर खरं हेही. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. फक्त माझ्याकडे पाहत राहिले. मी खाली पाहिलं नाही.

मेजर थाने उरलेला चहा संपवला. पेला नीट बशीत ठेवला. "साहेबांना सांगा," तो सावकाश म्हणाला, "अस्वलाने ऐकलं."

मी तेही सांगितलं. मग वाकून नमस्कार केला, किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि फाटकाबाहेर पडलो.

१९ जानेवारी, डोंगरापलीकडची सराई

खालून आलेले व्यापारी सांगतात, खंगने स्टेशन ताब्यात घेतलं, कथिलाची गाडी पुलावर अडवली, आणि खाणींचे सगळे कागद चौकात जाळले. वसाहतीतून नवा साहेब येतोय. रेनिए साहेब एका पेटीनिशी, बंद डब्यात बसून गेले. कुणी निरोप द्यायला नव्हतं. हे ऐकून मला हसू आलं, आणि या वेळी दुपारनंतरही ते गेलं नाही.

वहिनी चुलीशी बसून मोहरीच्या पानांचं लोणचं चिरत होती. मी तिला ती बातमी पुन्हा सांगितली. तिने ती ऐकून घेतली आणि म्हणाली, "निघायच्या आदल्या दिवशी मी वेईच्या बायकोकडे गेले होते."

"निरोप घ्यायला?"

"सांगायला. तिच्या नवऱ्याला कुणी मारलं ते."

"याओने मारलं."

"याओ मेला, भाऊजी. मेलेल्याचं नाव घेऊन ती काय करणार?" ती लोणचं चिरतच होती. "मला याओचं नाव ठाऊक होतं म्हणून मी सहा वर्षं उठले, जेवले, झोपले. तिलाही काही हवं ना? मी तुमचं नाव सांगितलं."

बाहेर खेचरांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. कुणीतरी नवीन उतरलं होतं.

"मग ती काय म्हणाली?" मी विचारलं.

"दोनदा नाव विचारून घेतलं. मग मुलीला हाक मारली, पाटी आणायला सांगितली, आणि फान कसं लिहायचं ते माझ्याकडून नीट काढून घेतलं."